लॅटिनमास्तरांची साक्ष

कोर्टात जायला निघताना लॅटिनमास्तरांनी टायची गाठ स्वतः मारली, आणि ती गाठ बघूनच त्यांची मुलगी घाबरली.

बापाला बरं दिसताना बघून लेकीने घाबरावं, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. तिच्यावर आली होती. आदल्या संध्याकाळी याच माणसाने आपल्या चपला स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये भिजत घातल्या होत्या, आणि तिने त्या काढायला हात घातला तर "चोर, चोर" म्हणून तिच्या मनगटावर लाकडी पट्टी हाणली होती. वळ अजून उतरला नव्हता. आणि आज सकाळी हा असा टाय! कालच्या त्या चपला आज भिजल्या असत्या तर तिचं काम झालं असतं.

लॅटिनमास्तर हे नाव त्यांना कोर्टानेच दिलेलं. ते वकिली करत, संध्याकाळी कायद्याच्या कॉलेजात शिकवत, पण खरा जीव होता तो कायद्यात उरलेल्या लॅटिन शब्दांवर. वकील हे शब्द रोज तोंडात घोळवतात आणि अर्थ विचारला की घसा खाकरतात, हे त्यांचं लाडकं मत. त्यातून त्यांनी बार रूममध्ये एक रिवाज पाडला होता. नवा वकील पहिल्यांदा काळा कोट घालून आला की मास्तर त्याला दारातच अडवायचे.

"ॲलिबाय म्हणजे काय?"

"आरोपी गुन्ह्याच्या जागी नव्हता असा बचाव, सर."

"तो झाला कायदा. मी शब्द विचारतोय."

शब्दाचा अर्थ नुसता 'दुसरीकडे'. एवढंच. ॲफिडेव्हिट म्हणजे 'त्याने शपथेवर सांगितलं आहे', एका शब्दात अख्खं वाक्य. सबपीना म्हणजे 'शिक्षेच्या धाकाखाली'. साक्षीला बोलावणाऱ्या समन्सच्या मजकुरात सुरुवातीलाच हे शब्द असत, म्हणून सगळ्या कागदालाच ते नाव पडलं. पोरगं चुकलं की सगळ्या बार रूमला चहा त्याने पाजायचा. चुकायचे सगळेच. मग मास्तर चहाचा घोट घेत शब्दाची कुळकथा सांगायचे, आणि ज्याच्या खिशाला चाट बसलेली असायची तोही तोंड उघडं टाकून ऐकत बसायचा. अशा चहा पाजलेल्यांपैकी काही पुढे न्यायाधीश झाले. मुलीचा अर्ज त्यांच्यापैकीच एकासमोर लागला होता. तिच्या वकीलबाईंनी खटला दुसऱ्या कोर्टात बदलून घेता येतो का ते पाहिलं होतं, पण मास्तरांना चहा न पाजलेला न्यायाधीश आणायचा कुठून?

घरातही हाच कारभार. बायको काही गाऱ्हाणं घेऊन आली की मास्तर म्हणायचे, "दे मिनिमिस नॉन कुरात लेक्स." क्षुल्लक गोष्टींची कायदा दखल घेत नाही. ती बिचारी हसायची आणि कामाला लागायची. पाठ दुखते, भूक लागत नाही, जिना चढताना धाप लागते, सगळं या एका वाक्याखाली गाडलं गेलं. डॉक्टरांकडे गेली तेव्हा डॉक्टरांनी फक्त मान हलवली. तिच्यामागे मास्तरांनी ते वाक्य घरात पुन्हा उच्चारलं नाही, पण त्याने ती काही परत आली नाही.

मुलीचं घरातलं नाव कॅव्हेट. दादाची तक्रार बाबांपर्यंत पोचायच्या आत ही धावत येऊन सांगायची, "माझं ऐकल्याशिवाय काही ठरवायचं नाही!" कोर्टात असा अर्ज करतात त्याला म्हणतात कॅव्हेट, म्हणजे 'त्याने सावध राहावं'. बाबा खूश होऊन तिला मांडीवर घ्यायचे. लॅटिन तिला शाळेतल्या पाढ्यांबरोबर आलं. पुढे ती वकील झाली नाही, पुलांची तपासणी करणारी इंजिनियर झाली. खांबाला कुठे तडा गेलाय, गंजाने लोखंड आतून किती खाल्लंय, हे ती हातोडीच्या आवाजावरून सांगायची. वरून रंग मारलेला पूल सगळ्यांत आधी तपासावा, असं ती नव्या लोकांना शिकवायची.

आणि आता बाबा तसे झाले होते. वर रंग, आत गंज.

आधी नावं गेली, मग दिवस-रात्र, मग माणसं. गॅस चालू ठेवून ते अंगणात जाऊन उभे राहायचे. पायजम्यावर काळा कोट चढवून दारात बसायचे, आज आपली तारीख आहे म्हणून. सकाळी जरा बरे असायचे, ऊन कलायला लागलं की एकेक दिवा विझायचा. मुलीने नोकरीतून बिनपगारी रजा घेतली, ती संपली, वाढवून घेतली, तीही संपत आली. तिच्या साहेबांनी जागा अडवून ठेवली होती, पण साहेबांच्या डोक्यावरही साहेब असतात. या महिन्याअखेर ती हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. असे आजारी सांभाळणारं एक निवासी केंद्र तिने शोधलं होतं. स्वच्छ होतं, माणसं प्रेमळ होती, मागे बाग होती. तिथली अट एकच: आजाऱ्याने स्वतः सही करावी, नाहीतर कोर्टाने नेमलेल्या पालकाने. बाबांनी तो कागद वाचला, शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि फाडून टाकला. मग उरलं कोर्ट. बापाचं डोकं ठिकाणावर नाही, असं चारचौघांत म्हणायचं. आपलेच दात, आपलेच ओठ.

दादा परदेशात. आठवड्याला एक फोन करायचा, तोही त्याच्या सोयीने, म्हणजे इथल्या सकाळी. बाबा त्याला दोन वचनं ऐकवायचे, एका शब्दाची कुळकथा सांगायचे, दादा धन्य व्हायचा. "मला तर ते माझ्यापेक्षा शार्प वाटतात," तो म्हणायचा. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं! अर्जाची नोटीस गेल्यावर मात्र तो विमानाने हजर झाला, हॉटेलात उतरला, आणि शपथेवर लिहून दिलं की वडील ठणठणीत आहेत, बहीण दमली आहे, आणि घराबद्दल तिच्या मनात काय आहे हे तिलाच ठाऊक. ते शेवटचं वाक्य वाचून ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती.

वकीलबाईंनी सुनावणी दुपारनंतर ठेवावी असा रीतसर अर्ज दिला होता. डॉक्टरांचं पत्र जोडलं होतं: दुपारनंतर रुग्णाची खरी अवस्था दिसते. न्यायाधीशांनी तो वाचला असेल, नसेल. सकाळी कोर्ट उघडताच त्यांनी कारकुनाला सांगितलं, "सरांचं प्रकरण पहिलं घ्या. त्यांना ताटकळत ठेवायचं नाही."

झालं. आदरानेच पहिला घाव घातला.

कोर्ट भरलं होतं. ज्यांचं काम नव्हतं तेही वकील येऊन मागे उभे होते. मास्तर आत आले तसे सगळे उठले. मास्तरांनी मान किंचित झुकवली, नजर सावकाश सगळ्यांवरून फिरवली. मुलीला ती नजर माहीत होती. भाजीबाजारात हरवल्यावर ते अशीच नजर फिरवायचे, कुणीतरी आपल्याला ओळखून नाव घेईल म्हणून. पण इथल्या लोकांना ती नजर जुन्या सिंहाची वाटली.

दादा पुढच्या बाकावर होता. मास्तर त्याच्यासमोर थांबले आणि म्हणाले, "कधी आलात आपण?"

"आपण" म्हणाले बाबा, जन्मात ज्याला "गाढवा" याखेरीज हाक मारली नाही त्याला. दादा हसला. त्याला ती थट्टा वाटली.

डॉक्टरांचा अहवाल आधी वाचून झाला. त्यात लिहिलं होतं की रुग्णाला आजचा वार सांगता आला नाही. न्यायाधीश म्हणाले, "सुट्टीत मलाही येत नाही." हशा झाला. मग ते मास्तरांकडे वळले, आणि त्यांचा चेहराच बदलला. खुर्चीवरचा माणूस गेला, दारात अडवलेलं पोरगं आलं.

"सर, या अर्जात तुमच्याबद्दल एक शब्द वापरलाय. नॉन कॉम्पॉस मेंटिस. आज चहा माझ्याकडून. अर्थ सांगाल?"

मास्तर उभे राहिले. बसून सांगा म्हटलं तरी उभे राहिले.

"मेंटिस म्हणजे मनाचा. कॉम्पॉस म्हणजे ताबा असलेला. त्याच्या पोटात पोटिस आहे, समर्थ. ज्याच्याकडे स्वतःच्या मनाचा ताबा नाही, तो." त्यांनी जरासा श्वास घेतला. "लोक याला वेडा म्हणतात. रोमन लोक जास्त सभ्य होते, साहेब. घर त्याचंच आहे, फक्त किल्ल्या त्याच्याकडे नाहीत."

मागे कुणीतरी "वा!" म्हणालं. मुलीने डोळे मिटले. बाबांनी आत्ता, भर कोर्टात, स्वतःचंच वर्णन केलं होतं, आणि त्याला दाद मिळत होती.

"अशा माणसाची व्यवस्था ते काय करत?" न्यायाधीशांना आता राहवत नव्हतं.

"क्युरेटर नेमत. कूरा म्हणजे काळजी. काळजी घेणारा तो क्युरेटर. त्यांच्या सगळ्यांत जुन्या कायद्यात आहे, वेड लागलेल्याचा ताबा त्याच्या भाऊबंदांकडे जावा." मास्तर मिश्कील हसले. "भाऊबंदांचं प्रेम तेव्हापासून जागं आहे."

सगळं कोर्ट हसत सुटलं. दादाच्या वकिलाने तर टेबलावर थाप मारली. मुलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हा टोला आपल्याला नाही, हे तिला एकटीला माहीत होतं. तो विनोद बाबा वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले होते, याच जागी, याच हसण्यासह. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सगळं कोर्ट पीळ बघून सुंभाची ग्वाही देत होतं.

वकीलबाई प्रश्न विचारायला उठल्या. त्याही मास्तरांच्याच विद्यार्थिनी.

"सर, तुम्हाला मुलं किती?"

मास्तरांचा हात बाकाच्या कडेवर गेला. बोटं कड चाचपू लागली. मुलगी पुढे झुकली. आता, आता दिसेल सगळ्यांना.

"हा प्रश्न बापाला विचारू नये," मास्तर म्हणाले. "माटेर सेंपर सेर्टा एस्ट. आई कोण ते नेहमी नक्की असतं. बापाचं कायदा गृहीत धरतो."

या वेळी न्यायाधीशसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले. वकीलबाईंनी हशा ओसरू दिला आणि मुलीकडे बोट दाखवलं.

"सर, ह्या कोण आहेत?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून, केसांवरून, मनगटावरच्या वळावरून नजर फिरली. लाज वाटेल अशी एक गोष्ट तिच्या मनात त्या क्षणी झाली: ओळखू नये म्हणून ती प्रार्थना करत होती, आणि ओळखावं म्हणूनही.

"ह्या अर्जदार," मास्तर म्हणाले.

हशा नाही झाला. त्याहून वाईट झालं. सगळ्या कोर्टातून एक हळहळ गेली. बापाने लेकीला लेक म्हणायचं नाकारलं, किती शालीनपणे नाकारलं, असा सगळ्यांचा ग्रह झाला. मागच्या रांगेतल्या एका वयस्क वकिलाने डोळे पुसले.

"त्यांचं नाव, सर?" वकीलबाईंनी शेवटचा प्रयत्न केला.

"अर्जावर असेल. वाचून घ्या."

मुलगी उठून उभी राहिली. "साहेब, त्यांना खरंच माहीत नाही मी कोण ते! ते टाळतायत. आठवत नाही म्हणून शब्द पुढे करतायत. त्यांना विचारा आज सकाळी काय खाल्लं, घर कुठे आहे विचारा..."

"बाई, बसा," न्यायाधीश म्हणाले. आवाज कडक नव्हता, पण दार लावल्यासारखा होता. "तुमच्या वकील आहेत बोलायला. सरांना आम्ही आणखी अपमानित होऊ देणार नाही."

वकीलबाई म्हणाल्या की अशा आजारात मधूनच माणूस लख्ख होतो, कायद्यात त्यालाही नाव आहे, लुसिडुम इंटरव्हॅलुम. मास्तरांनी बसल्या जागेवरून त्यांचा उच्चार सुधारला. तिथेच खटला संपला.

निकाल लगेच सांगितला गेला. जो माणूस या कोर्टाला त्याचीच भाषा शिकवतो त्याचा मनावर ताबा नाही म्हणायचं, तर तो इथे कुणाचाच नाही. अर्ज फेटाळण्यात येत आहे. अर्जदाराच्या बोना फिडेबद्दल, म्हणजे हेतूच्या सचोटीबद्दल, कोर्टाला शंका वाटते. मुलांनी आईवडिलांना ओझं समजू नये. न्यायाधीश खुर्चीवरून उतरून खाली आले आणि मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. बार रूमचा चहा खरोखरच त्यांनी पाजला, आणि मास्तरांभोवतीच्या गप्पांत दुपार कलली. तिला कुणी कप दिला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, "ताई, वर जाऊ आपण. अपील करू."

"किती वेळ लागेल?"

वकीलबाई फाइलची नाडी बांधू लागल्या. वरच्या कोर्टात वर्षं जातात आणि तिच्याकडे महिनाअखेर होती, हे दोघींनाही कळत होतं.

दादाचं विमान संध्याकाळचं होतं. तो बॅग कोर्टातच घेऊन आला होता. "मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "बघितलंस ना, किती फ्रेश आहेत? तू जरा स्वतःकडे बघ. योगा वगैरे कर."

"आठ दिवस राहा, दादा. एकटा राहा त्यांच्याबरोबर. मग तू सांगशील ते मी ऐकेन."

"अगं, राहिलो असतो. रजा नाही गं."

ज्याचं जळतं त्याला कळतं. बाकीच्यांना नुसती ऊब लागते. तिने त्याला टॅक्सीत बसताना पाहिलं आणि बाबांचा हात धरून दुसरी टॅक्सी थांबवली.

अर्ध्या रस्त्यात दिवे विझायला सुरुवात झाली. मास्तर खिडकीबाहेर बघून म्हणाले, "कोर्ट मागे राहिलं. माझी तारीख आहे." घरापाशी उतरल्यावर त्यांनी फाटक ओळखलं नाही. "हे कुणाचं घर?" त्यांनी विचारलं. तिने नेहमीसारखं सांगितलं, ओळखीच्यांचं आहे, चला, आपली वाट बघतायत. आत आणून खुर्चीत बसवलं, बूट काढले, पाणी दिलं. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला.

"आज खटला होता ना?" ते म्हणाले.

"हो."

"कोण जिंकलं?"

"तुम्ही."

"समोर कोण होतं?"

ती खाली बसून बुटांत मोजे कोंबत होती. आता तिला राग आवरेना. "तुमची मुलगी," ती म्हणाली. "तुम्हाला काही आठवत नाही, असं तिचं म्हणणं होतं. खोटी पडली."

मास्तरांनी दाराकडे बघितलं, दुसरं कुणी नाही याची खात्री केली आणि तिला जवळ यायची खूण केली. ती गुडघ्यांवर तशीच पुढे सरकली.

"खोटी नव्हती हो ती," ते कुजबुजले. "ती काळ्या कोटातली बाई सारखी विचारत होती, ह्या कोण, ह्या कोण. मला नव्हतं माहीत. समोर एक बाई बसलेली, रडवेली, आणि मला काही केल्या आठवेना. घाम फुटला होता मला. शब्द तेवढे आहेत. शब्दांना हात घातला की शब्द येतात. बाकी हात घालावा तिथे काही नाही."

ती म्हणाली, "मग तिथे का नाही सांगितलंत? साहेबांनी इतक्या प्रेमाने विचारलं. का नाही सांगितलं?"

"सगळे हसत होते," मास्तर म्हणाले. "इतके खूश होते सगळे. कसं सांगायचं?"

पेल्यातलं पाणी त्यांच्या पँटवर सांडलं. तिने पेला काढून घेतला. त्यांनी तिचं मनगट पकडलं, नेमकं वळावर, आणि सोडलं नाही.

"तुम्ही कुठे जाऊ नका," ते म्हणाले. "मला एकट्याला फार भीती वाटते. राहाल ना इथे?"

"राहीन."

"पण कोर्टात हे कुणाला सांगू नका हां."

"नाही सांगत," ती म्हणाली.

ते खुर्चीतच पेंगले. मग तिने हळूच बोटं सोडवली, आतल्या खोलीत जाऊन ऑफिसला फोन लावला. तिचे साहेब निघायच्या तयारीत होते. तिने सांगितलं की माझी जागा भरून टाका, मी येत नाही.

"अरेरे," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "म्हणजे वडिलांची तब्येत जास्तच बिघडली का?"

"नाही," ती म्हणाली. "कोर्टाने तपासलं त्यांना. ते अगदी ठणठणीत आहेत."